कोरलला तारीख कशी कळते? संकष्टीचा चंद्र आठवा

प्रश्न असा आहे की समुद्रातले कोरल म्हणजे प्रवाळ वर्षातून एकाच रात्री सगळे मिळून अंडी सोडतात हे खरंय का, डोळे नाहीत मेंदू नाही तर त्यांना वेळ कळते कशी, आणि अंगठीतलं पोवळं म्हणजे हेच का. मी चोपड्याचा, इथून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, पण ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो आणि हा विषय आवडीचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

भाऊ, खरंय, फक्त "एकच रात्र" हे थोडं ताणून सांगितलेलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे तिथल्या प्रवाळांच्या अवाढव्य रांगेवर, शंभराहून जास्त जाती पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत उरकून घेतात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान. म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा झाली की संकष्टीच्या आसपास धरा. आणि गंमत म्हणजे हे माणसाला कळलं कधी, तर १९८१-८२ च्या सुमारास, जेम्स कुक युनिव्हर्सिटीच्या पोरांनी मॅग्नेटिक आयलंडजवळ रात्री पाण्यात उतरून पाहिलं तेव्हा. तोपर्यंत समज असा होता की कोरल बहुतेक पोटातच पिल्लं वाढवतात. तसे वाढवणारेही आहेत म्हणा, पण कमी.

आता वेळेचं. आमच्या आईची संकष्टी असते. दिवसभर उपास, संध्याकाळी ताट तयार, आणि मग माझ्या पोराला दर पाच मिनिटांनी गच्चीवर पिटाळते, "चांद निंघना का रे?" आणि चांद काही निघत नाही. कारण पौर्णिमेला सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला एकच गाठ पडते, पण पुढे चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशीर करत जातो, म्हणून चतुर्थीला साडेआठ-नऊ वाजतात. सूर्य गेलाय, चंद्र यायचाय, असा जो मधला अंधाराचा तुकडा असतो ना, ज्यात आई भुकेने कावलेली असते, तोच कोरलचा सिग्नल. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळायच्या वेळी चंद्र आधीच वर असतो, त्यामुळे असा अंधार मिळतच नाही, पौर्णिमा उलटली की पहिल्यांदा मिळतो. तैवानमधल्या संशोधकांनी एका जातीवर हे करूनच पाहिलं, २०२१ मध्ये छापून आलं, पौर्णिमेच्या आधीच कोरलला संध्याकाळी झाकून अंधार दिला तर त्यांनी अंडीपण ठरल्या दिवसाच्या आधी सोडली. फसले बिचारे.

डोळे नसले तरी उजेड कळणारी प्रोटीन्स त्यांच्यात असतात, क्रिप्टोक्रोम नावाची, २००७ साली अ‍ॅक्रोपोरा नावाच्या फांद्यांच्या कोरलच्या एका जातीत सापडली. बाकी महिना कोणता हे मुख्यतः पाण्याच्या तापमानावरून, रात्र कोणती हे चंद्रावरून आणि तास कोणता हे सूर्यास्तावरून ठरतं. काही जाती अंधार पडल्या पडल्या सोडतात, काही दोन-तीन तासांनी, त्यामुळे सरमिसळही कमी होते.

प्रत्यक्षात काय होतं तर प्रत्येक पॉलिपच्या (कोरल म्हणजे अशा इवल्या जिवांची चिकटून राहणारी वसाहत, म्हणजे कॉलनी) तोंडाशी एक गुलाबी गोळी येऊन थांबते, बाजरीच्या दाण्याएवढी समजा, आणि तो ती तशीच धरून बसतो. बऱ्याच जातींत एकाच कॉलनीत नर-मादी दोन्ही, त्यामुळे त्या गोळीत अंडीही असतात आणि शुक्राणूही. मग सगळ्यांच्या गोळ्या सुटतात. आपण साबुदाणा पाण्यात टाकला की तळाशी बसतो, ही उलट वर जाते कारण अंड्यांत चरबी ठासून भरलेली असते. वर पाण्याच्या पृष्ठभागावर गोळी फुटते, शुक्राणू मोकळे होतात आणि शेजारच्या कॉलनीची अंडी शोधायला निघतात, स्वतःच्याच कॉलनीची सहसा चालत नाहीत, सगोत्र नको असा हिशोब. त्यातून प्लॅन्युला नावाची अळी होते, ती काही दिवस वाहते आणि जागा पसंत पडली की कायमची चिकटते.

एकदमच का सोडायचं? पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळवीचा ढग येतो तेव्हा पाल खाऊन खाऊन किती खाईल, तसंच, मासे खातात पण संपवू शकत नाहीत. शिवाय एवढ्या मोठ्या पाण्यात एकट्यादुकट्याच्या शुक्राणूला अंडं भेटणार कधी.

एक अजून भारी गोष्ट. पौर्णिमा कधी कधी मोसमाच्या मानाने लवकर येते, कारण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. आपण धोंड्याचा महिना घालून जुळवतो. कोरल अशा वर्षी काही या महिन्यात आणि काही पुढच्या महिन्यात असं वाटून घेतात, आणि गाडी परत रुळावर येते. जावयाचं वाण मात्र नाही.

आणि सगळं अंड्यांवरच चालतं असंही नाही. आमच्याकडे केळीला बी कुठंय, कंद नाहीतर टिश्यूकल्चरचं रोप, अख्खी बाग एकाच झाडाची नक्कल. फांद्यांच्या कोरलचंही वादळात तुकडा मोडला की तो खाली पडून जगतो, तिथंच नवी कॉलनी. झटपट भरतं, पण केळीवर सीएमव्ही व्हायरस आला तेव्हा इकडे लोकांनी बागाच्या बागा उपटून टाकल्या, कारण एकाला लागला की सगळी सारखीच कच्ची. अंड्यातून आलेल्यांत निदान चार जण वेगळे निघतात.

पण ती अंडी सोडायला आधी धडधाकट कोरल हवेत ना. २०१६ आणि १७ ला ग्रेट बॅरियर रीफवर पाणी तापून कोरल पांढरे पडले, खूप मेले, आणि २०१८ मध्ये नवीन चिकटणारी पिल्लं आधीच्या सरासरीपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी भरली. लाल समुद्रात इस्रायलच्या इलातजवळ तर काही जातींची वेळच विस्कटलीय, कोणी आज सोडतंय कोणी दहा दिवसांनी, मग जुळणार कसं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे रात्रभर चालू राहिले की तो संध्याकाळचा अंधारपण गोंधळतो.

राहिलं पोवळं. जळगावच्या सराफात मंगळासाठी देतात ते लाल पोवळं रीफ बांधणारं कोरल नाही, लांबचा नातेवाईक आहे, भूमध्य समुद्रात कपारीत, खोल अंधाऱ्या जागी वाढतं, नर कॉलनी वेगळी मादी वेगळी, आणि अळी पोटात वाढवून उन्हाळ्यात सोडतं. घेताना लॅबचं सर्टिफिकेट मागा, रंगवलेले बरेच फिरतात.