अ‍ॅक्टिव्ह काढले आणि गुणगुण सुरू झाली

प्रश्न : गिटारचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारांचं कंपन टिपणारे, बॅटरीवर चालणारे) काढून पॅसिव्ह हंबकर (बॅटरी न लागणारे, दोन कॉइलचे पिकअप) बसवले. आता सतत गुणगुण येते. जॅकच्या धातूला बोट लावलं की कमी होते. आवाजही दबलेला वाटतो. पिकअप खराब निघाले का?

उत्तर : पिकअपला दोष देऊ नका. बोट लावल्यावर गुणगुण घटते, म्हणजे तारांना अर्थिंग नाही. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला ब्रिजची (तारा खाली जिथे टेकतात त्या धातूच्या भागाची) अर्थ वायर सहसा लागत नाही, म्हणून ती कापलेली असते किंवा मुळातच नसते. ब्रिजपासून एक वायर आणून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पाठीवर सोल्डर करा. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कथलाचा गोळा वर नुसता बसतो, धरत नाही. माझा असाच एक जोड महिन्याभरात सुटला होता. मग मल्टिमीटरची एक पिन गिटारच्या तारेला, दुसरी जॅकच्या स्लीव्हला (अर्थच्या टोकाला) लावा. बीप आलाच पाहिजे.

आवाज दबतो तो पॉटमुळे. जुने बहुतेक २५ किलोओहमचे असतील. हंबकरला ५०० किलोओहमचे घाला. बॅटरीच्या वायरी काढून टाका. स्टीरिओ जॅक तसाच चालेल, फक्त त्याची रिंग (बॅटरीची वायर जोडलेलं टोक) मोकळी ठेवा.