डिप्लोमा, बारा वर्षांचा अनुभव आणि आता एमबीए : पदोन्नतीसाठी उपयोग होईल का?

मेकॅनिकल डिप्लोमानंतर चाकणच्या कारखान्यात बारा वर्षे काढून आपण शिफ्ट सुपरवायझर झाला आहात आणि आता एमबीए करावे का, असे आपण विचारले आहे. पहिली अडचण अशी, की एमबीएच्या प्रवेशाला पदवी लागते आणि डिप्लोमा ही पदवी धरली जात नाही. त्यामुळे आपल्यापुढचा खरा प्रश्न बी.ई. किंवा बी.टेक.चा आहे.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या अंतर्गत जागांच्या जाहिराती काढून वाचा. असिस्टंट मॅनेजरसाठी ‘बी.ई. आवश्यक’ असे लिहिले असेल, तर आपले काम कितीही चोख असले तरी अर्ज पहिल्याच चाळणीत अडकेल, आणि तेथे पदवीचा उपयोग निश्चित आहे. मात्र त्या खुर्चीवर आज डिप्लोमावालेच बसले असतील, तर अडचण कागदाची नसून ओळखीची, अहवाललेखनाची किंवा (बहुधा) रिकाम्या जागेची आहे.

पदवी घ्यायचीच ठरल्यास पत्रद्वारा अभ्यासक्रमाच्या नादी लागू नका. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने अभियांत्रिकीचे असे शिक्षण अमान्य ठरवले आहे. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेची) मान्यता असलेले, नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी चालणारे वर्ग आता काही महाविद्यालयांत आहेत आणि डिप्लोमाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात वर्गाला कसे जाणार, हे घरी आणि शिफ्ट इनचार्जशी आधीच बोलून घ्या.