नव्या गावात मैत्रीण कशी मिळते?

‘ताई, सांगलीहून वाकडला येऊन तीन वर्षं झाली. सोसायटीच्या ग्रुपवर अडीचशे जण आहेत, पण ताप आला तर चहा करून देईल अशी एकही मैत्रीण नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या पार्टनरशी आपोआप गट्टी जमली होती. आता ३६व्या वर्षी मीच माणूसघाणी झालेय का?’

प्रिय सखी,

मुळीच नाही. त्या पार्टनरचंच बघ. तुम्हा दोघींना एका टेबलावर कोणी आणलं? रोल नंबरने. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात मुलांना वर्गात आणि खोल्यांत आडनावाच्या अक्षरक्रमाने ठेवत. समाजशास्त्रज्ञ मॅडी सीगल यांनी त्यांना जवळचे मित्र विचारले, तर बरेचसे आडनावाने मागचे-पुढचेच निघाले. हा अभ्यास १९७४ चा. त्याआधी, १९५० मध्ये, मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत असंच दिसलं होतं: शेजारच्या दाराशी मैत्री सर्वांत जास्त, दारं जितकी लांब तितकी कमी. आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख, कारण सगळ्यांची ये-जा त्यांच्या दारावरून.

तुझ्याकडे लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरते, भाजी ॲपवरून येते, दारं बंद. कोण कोणाला दिसणार, सांग बरं!

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या संशोधनात साध्या मैत्रीला साधारण ५० तास लागले आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. त्यातही नुसतं शेजारी बसून काम केलेले तास फारसे कामी येत नाहीत. गप्पा, हसणं, उगाच एकत्र बसणं हवं. कॉलेजात रोजचे पाच-सहा तास मिळायचे, दीड-दोन महिन्यांत काम फत्ते. महिन्यातून एकदा दोन तासांच्या भिशीत तेवढ्यालाच आठ वर्षं जातील. म्हणून भिशी सोडू नकोस, पण तिच्यावर विसंबूही नकोस. रोजचं किंवा निदान आठवड्याचं, ठरलेल्या वेळेचं, त्याच माणसांचं काहीतरी धर. योगवर्ग, भजनी मंडळ, संध्याकाळच्या फेऱ्या, काहीही चालेल. पहिले काही आठवडे कंटाळवाणे जातील, तरी जात राहा. चेहरा ओळखीचा झाला की माणूस आवडायलाही लागतो.

पत्रात तू सातव्या मजल्यावरच्या बाईंबद्दलही लिहिलंयस. लिफ्टमध्ये छान बोललात, मग ‘मी फार चिकटले का’ या विचाराने तू त्यांना टाळू लागलीस. अगं, मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज माणसं कमीच बांधतात. त्या बाईही वरती जाऊन हाच विचार करत असतील, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तेव्हा त्यांना उद्याच मेसेज कर: ‘रोज साडेसहाला खाली चालायला जाते, येता का?’ नाही म्हणाल्या तर पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचार.

तुझी,
ताई