नळी जागेवर राहते कशी?

भूल देताना श्वासासाठी तोंडातून श्वासनळीत जी नळी घालतात, तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. एकाचं उत्तर बरंच लांबलंय. ते पत्र थेट ऑपरेशन थिएटरातून आलेलं आहे, आणि तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

प्रश्न : वडिलांच्या (वय ७२) मणक्याचं ऑपरेशन पालथं झोपवून झालं, चार तास लागले. बाहेर आणलं तेव्हा वरच्या ओठाला आतून खोक होती आणि गालावर साल निघाल्यासारखी लाल पट्टी. हा निष्काळजीपणा म्हणायचा का? (एक वाचक, सांगली)

लाल पट्टी चिकटपट्टीची आहे. पालथ्या रुग्णाच्या तोंडातून लाळ सतत गळत राहते आणि ओली पट्टी सुटते. त्यात तोंड खाली असल्यामुळे नळी निसटली तर ती परत घालणं फार अवघड. म्हणून अशा ऑपरेशनला नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त चिकट पट्ट्या लावतात, लाळ कमी व्हावी म्हणून ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन देतात (मोठ्या माणसाला साधारण ०.२ मिलिग्रॅम), आणि वेळ पडली तर रुग्णाला लगेच उताणं करता यावं म्हणून ट्रॉली थिएटरच्या दाराशीच ठेवतात. सत्तरी ओलांडलेल्यांची कातडी कागदासारखी पातळ असते, त्यामुळे पट्टी काढताना वरचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. पट्टी ओढून काढू नये. एका हाताने कातडी दाबून धरावी आणि पट्टी ओली करत सावकाश उलटी सोलावी. ही काळजी घेतली गेली की नाही, हे मात्र तुम्ही विचारू शकता.

ओठाची खोक बहुतेक नळी आणि दात यांच्यामध्ये ओठ चिमटल्याने झाली असावी. पालथं केल्यावर ओठ आणि जीभ एकदा बोटाने मोकळे करून पाहायला हवेत, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. व्हॅसलीन लावा, तिखट टाळा. काही दिवसांत भरून येईल. दात हलत असेल किंवा आवाज दोन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल, तर मात्र दाखवा.

प्रश्न : मी ओटी टेक्निशियन आहे. टेप पक्का लावलेला असूनही लॅपरोस्कोपीत ‘ट्यूब आत गेली’ असं भूलतज्ज्ञ म्हणतात. टेप सुटलेला नसतो, दातांशी दिसणारा नळीवरचा सेंटिमीटरचा आकडाही तोच असतो. मग ती जाते कशी? आणि कुठला टेप, कसा लावावा? (एक वाचक, बार्शी)

तुमचा टेप ओठाशी असतो आणि नळीचं टोक तिथून वीस-बावीस सेंटिमीटर खाली. टेपमुळे नळी ओठाशी हलत नाही, एवढंच. मोठ्या माणसाची श्वासनळी १० ते १२ सेंटिमीटर लांब असते, खाली ती दोन फुप्फुसांसाठी दोन शाखांत फुटते, आणि नळीचं टोक त्या फाट्याच्या ३ ते ५ सेंटिमीटर वर असावं लागतं. हनुवटी छातीकडे झुकवली की टोक साधारण २ सेंटिमीटर आत सरकतं. मान मागे टाकली की तेवढंच वर येतं. लॅपरोस्कोपीत पोटात गॅस भरला (दाब पाऱ्याचे १२ ते १५ मिलिमीटर) आणि टेबल डोक्याकडे खाली केलं, की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर फाटाही वर येतो. म्हणजे नळी जागेवरच असते, फाटा तिच्याकडे सरकतो. उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ असल्यामुळे टोक बहुधा तिच्यातच शिरतं. श्वासाचा दाब वाढतो, ऑक्सिजन हळूहळू उतरतो, डावी छाती कमी हलते. कॅप्नोग्राफवरची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावरची) लाट बऱ्याचदा ठीकच दिसते, आणि तिथेच फसगत होते. त्यामुळे गॅस भरल्यावर एकदा आणि टेबल फिरवल्यावर एकदा, दोन्ही काखांत स्टेथोस्कोप लावून ऐकायलाच हवं.

दातांशी बाईला २१ आणि पुरुषाला २३ हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण पाच फुटांहून ठेंगण्या बाईला २१ जास्त होऊ शकतं. आकडा पाठांतरावर सोडू नका. ऐकून ठरवा आणि चार्टवर लिहा.

आता टेप. कागदी टेप (मायक्रोपोर) कातडीला सौम्य, पण लाळेने भिजला की सोडतो. छोट्या केसला चालेल. कापडी टेप घट्ट बसतो. डायनाप्लास्टसारखा लवचीक टेप चेहऱ्याच्या वळणावर छान बसतो, पण तो ताणून लावू नका. आखडताना ओठ आणि कातडी ओढतो. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या नळी घालायच्या आधीच कापून ट्रॉलीच्या कडेला लावून ठेवा. एक पट्टी अर्ध्यापर्यंत मधोमध चिरा, पँटच्या दोन पायांसारखी.

कफ (नळीच्या टोकाजवळचा हवेचा फुगा) भरलेला, दोन्ही बाजू ऐकलेल्या, आणि ज्याने नळी घातली त्याच्या चिमटीत नळी अजून धरलेली: टेप या वेळी लावायचा. तो लागेपर्यंत चिमूट सुटता कामा नये. लाळ पुसा. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम असेल तर गॉझ ओलसर करून पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. टेप पक्का चिकटावा म्हणून टिंक्चर बेन्झॉइन लावत असाल तर डोळ्यांपासून दूर, आणि तेही वाळू द्या. ओल्यावर टेप लावणं फुकट. सुरुवात गालाच्या हाडावरून करा. चिरलेल्या पट्टीचा एक पाय वरच्या ओठावरून पलीकडच्या गालावर जातो, दुसरा अगदी ओठालगत नळीभोवती दोन-तीन वेढे घेतो. दुसरी पट्टी समोरच्या गालावरून, तशीच. खालच्या जबड्यावर भिस्त ठेवू नका. तोंड जरा उघडलं तरी तो हलतो आणि नळी त्याच्याबरोबर जाते. शेवटचं टोक बोटभर दुमडून ठेवा, काढणाऱ्याला नखाने खरवडावं लागणार नाही.

वेढ्यात कफमध्ये हवा भरायची बारीक नळी घ्यायची नाही. घाईत टेप कापताना तीच कापली जाते आणि कफ बसतो. गुएडेल एअरवेही (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवतात तो बाकदार तुकडा) त्यात बांधू नका. तो वेगळा काढता यायला हवा.

एवढं करूनही नळी निसटते, ती बऱ्याचदा टेपमुळे नाही, वजनामुळे. फिल्टर, कनेक्टर आणि दोन जाड पाइप एका बाजूला लोंबत असतात. त्यांना गुंडाळलेल्या टॉवेलचा आधार द्या. रुग्णाला कुशीवर किंवा पालथं वळवताना सर्किट (हे पाइप) क्षणभर काढा, नळी हातात धरा, वळवा, जोडा आणि पुन्हा ऐका.

प्रश्न : आजोबा केसधारी शीख आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाढी काढावी लागेल का? (एक वाचक, नांदेड)

नाही. दाढीवर टेप चिकटत नाही, म्हणून सुती नाडी वापरतात. खुंट्याला दोर बांधताना घेतात तसे नळीभोवती दोन वेढे घ्यायचे, टोकं कानांवरून मागे न्यायची आणि गाठ बाजूला मारायची. तोंडाचे कोपरे आणि कान यांच्याखाली गॉझ ठेवतात. नाडी मानेवर आवळता कामा नये, दोन बोटं आत जावीत; आवळली तर मानेतल्या शिरा दबून चेहऱ्याकडचं रक्त तुंबतं. मेंदूच्या ऑपरेशनला तर नाडी शक्यतो टाळतातच.

दाढीची खरी अडचण नळीच्या आधी येते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, हवा कडेने सुटते. म्हणून तपासणीच्या दिवशीच भूलतज्ज्ञांना सांगा आणि सकाळी दाढीला तेल लावू नका. सगळ्या हर्नियांना पूर्ण भूल लागत नाही, हेही त्यांना विचारून घ्या.

प्रश्न : आठ महिन्यांच्या मुलीचा दुभंगलेला ओठ शिवायचा आहे. ऑपरेशनच ओठावर, मग नळी कुठे चिकटवणार? (एक वाचक, कोल्हापूर)

हनुवटीवर, बरोबर मध्यभागी. त्यासाठी आधीच वाकवलेली ‘रे’ नळी मिळते. तिचा बाक खालच्या ओठावर बसतो आणि पाइप छातीकडे जातात. मध्यभागी अशासाठी, की नळीने तोंडाचा कोपरा जरासा जरी ओढला तरी सर्जनच्या खुणा चुकतात. खालचा जबडा हलतो ही उणीव इथे पत्करावी लागते. बाक कुठे यावा हे कारखान्यात ठरलेलं असतं, त्यामुळे बाळ चणीने लहान असेल तर टोक खोल जाऊ शकतं. मग बाकाखाली गॉझची घडी ठेवून नळी वर उचलतात. एवढ्या बाळाची श्वासनळी जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो, म्हणून डोकं ठेवल्यावर पुन्हा ऐकतात.

पुढे टाळूचं ऑपरेशन होईल तेव्हा तोंड उघडं ठेवायला गॅग लावतील. त्याच्या पात्याखाली नळी दबू शकते. श्वासाचा दाब वाढला तर आधी गॅग सैल करतात. घशात गॉझ भरलं असेल तर ते फळ्यावर लिहिलं जातं आणि नळी काढण्याआधी मोजून बाहेर येतं.