ईआरपी आहे, खर्चही होतो. मग आयटी धंद्याच्या कामी का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दीड-दोनशे माणसं, तीन वर्षांपूर्वी ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं, आयटी तुमच्याकडे. मालक दर बैठकीत विचारतात, "एवढा खर्च करून धंद्याला काय मिळालं?" त्यांना दाखवायला नवा डॅशबोर्ड करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: डॅशबोर्ड आत्ता करू नका. आधी मालकांकडून एक वाक्य काढून घ्या.

पुढच्या दोन वर्षांत पैसा नेमका कशातून वाढणार, हे ते वाक्य. "ग्रोथ हवी" हे उत्तर धरू नका. "आहे त्याच ग्राहकाकडून आणखी मॉडेलचं काम मिळवायचं", "बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट न वाढवता उलाढाल वाढवायची, म्हणजे स्टॉक कमी करायचा", "निर्यात सुरू करायची" ही उत्तरं झाली, आणि प्रत्येकाला आयटीचं काम वेगळं लागतं. पहिल्याला शेड्यूलप्रमाणे डिस्पॅच आणि रिजेक्शनचा पीपीएम (दहा लाख नगांमागे किती नाकारले गेले). दुसऱ्याला स्टॉकचा आकडा खरा असणं. तिसऱ्याला कुठला नग कुठल्या हीट नंबरच्या (एका वेळी वितळवून ओतलेल्या स्टीलचा क्रमांक) स्टीलमधून आला हे मागे जाऊन शोधता येणं. तिन्ही एकदम हातात घेतलीत तर तिन्ही अर्धवट राहतील, म्हणून मालकांना क्रम लावायला सांगा.

समजा त्यांनी स्टॉक कमी करणं निवडलं. आता सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि हा निर्णय रोज कुठल्या टेबलावर होतो ते शोधा. तो होतो परचेसवाल्याच्या टेबलावर, सोमवारी सकाळी, स्टीलच्या बारची ऑर्डर किती टाकायची हे ठरवताना. त्याच्या शेजारी अर्धा तास बसा. बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं: ईआरपीचा स्क्रीन उघडा असतो, पण तो स्टोअरला फोन लावून विचारतो, "रॅकवर खरंच किती आहे?" मग त्यात थोडं जास्तीचं धरून ऑर्डर टाकतो. तुमचा फुगलेला स्टॉक त्या "थोडं जास्तीचं" मध्ये आहे. तो फोन बंद झाला की आयटीने धंद्याचं काम केलं, असं मी म्हणेन.

फोन का लागतो, याचं कारण बऱ्याचदा बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला कुठला माल किती लागतो त्या यादीत, सापडतं. एक उदाहरण हिशेबानिशी बघा. 40 मिमी व्यासाचा स्टीलचा बार, त्यातून 85 मिमी लांबीचा नग. बीओएम भरणाऱ्याने ड्रॉइंगवरून 85 मिमी धरून प्रति नग 0.838 किलो टाकले. प्रत्यक्षात कटिंग आणि फेसिंगला (टोक सपाट करायला) 3 मिमी जातात, म्हणजे लागतात 0.868 किलो. फरक 30 ग्रॅमचा. महिन्याला 20,000 नग निघत असतील तर सिस्टिममध्ये दर महिन्याला सुमारे 600 किलो असं स्टील शिल्लक दिसतं, जे केव्हाच भंगारात गेलेलं असतं. बारच्या टोकाचे उरलेले तुकडे यात धरलेलेच नाहीत. तीन महिन्यांत परचेसवाल्याचा त्या आकड्यावरचा विश्वास उडतो, आणि तो उडणं योग्यच आहे.

हा बिघाड सर्व्हरचा नाही आणि तुमच्या विभागाचाही नाही. बीओएमला कोणी वाली नाही, हा तो बिघाड आहे. ड्रॉइंग बदललं की 24 तासांत बीओएम बदलणारा माणूस प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमधला हवा, आणि त्याचं नाव कागदावर हवं. आयटी विभागाने बीओएम "सांभाळायला" घेतला की तो चुकणारच, कारण पार्टिंग टूलची (बारमधून नग कापणाऱ्या हत्याराची) रुंदी तुम्हाला मशीनवर गेल्याशिवाय कळत नाही.

स्टॉकचा आकडा चुकण्याची दुसरी ठरलेली जागा म्हणजे जॉबवर्क, बाहेरून करून घेतलेलं काम. हीट ट्रीटमेंटला माल चलनावर (मालासोबतच्या कागदावर) किलोत जातो आणि परत येतो नगांत. एकक बदलण्याचा गुणक आयटम मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या वस्तूंच्या मूळ यादीत) नसेल तर ती चलनं कधीच बंद होत नाहीत. इथे प्रश्न फक्त स्टॉकचा राहत नाही. एक वर्षाच्या आत माल परत आल्याची नोंद नसेल तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं जीएसटी कायदा धरतो. जुनी उघडी चलनं आधी मिटवा.

खर्चाबद्दल. मागच्या 12 महिन्यांची आयटीची सगळी बिलं घेऊन तीन ढीग करा: गाडा चालू ठेवणारा खर्च (देखभालीचा वार्षिक करार म्हणजे एएमसी, इंटरनेट, बॅकअप, अँटिव्हायरस), कायद्याने लागणारा खर्च, आणि मालकांच्या त्या वाक्यासाठी केलेला खर्च. 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून लागू झालेलं ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) किंवा 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बंधनकारक झालेला एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) दुसऱ्या ढिगात जातो; त्यातून "फायदा" दाखवायची धडपड करू नका. तिसरा ढीग बहुधा अगदी लहान निघतो. मालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे, आणि ते त्यांना तसंच सांगा.

कस्टमायझेशनवर, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेण्यावर, मात्र मला कळकळीने सांगायचंय. "आमच्याकडे असंच चालतं" हे वाक्य ऐकून प्रोग्रॅमरला फोन करू नका. लिडल या जर्मन सुपरमार्केट कंपनीने 2011 मध्ये सुरू केलेला एसएपीचा (ईआरपी बनवणारी कंपनी) प्रकल्प 2018 मध्ये सोडून दिला. तेव्हाच्या बातम्यांनुसार खर्च सुमारे 50 कोटी युरो झाला होता. अडचणींत एक मोठी ही होती की लिडल मालाची किंमत खरेदीदराने धरत असे, तर सॉफ्टवेअरची मूळ मांडणी विक्रीदराची होती. कंपनीने सवय सोडली नाही, सॉफ्टवेअरच वाकवत नेलं. माझी कसोटी अशी: ही वेगळी पद्धत बघून ग्राहक आपल्याला काम देतो का? देत असेल तर जरूर कस्टमाइझ करा. नसेल तर पद्धत बदला. गेटपासचा नमुना, तीन सह्यांची इंडेंट (मागणीची) स्लिप, असल्या गोष्टींवर एक रुपयाही घालवू नका.

नवं मॉड्यूल सुरू करायची तारीख आयटीने एकट्याने ठरवू नये. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये नवी यंत्रणा जुलैत सुरू केली आणि हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या ऑर्डरी अंगावर आल्या. गोदामात चॉकलेट असूनही सुमारे 10 कोटी डॉलरचा माल वेळेवर पोचला नाही. तुमच्याकडे दसरा-दिवाळीच्या आधीचे दोन महिने आणि मार्च वर्ज्य समजा. ग्राहकाची लाइन शटडाउनला जाते तो आठवडा सगळ्यात चांगला; त्यात स्टॉक मोजूनही होतो.

प्रगती दाखवायला तीन आकडे पुरेत. दर आठवड्याला न सांगता 25 आयटम मोजा: 10 महागडे, 10 रोज हलणारे, 5 कुठलेही. स्क्रीनशी किती जुळले ते लिहा. जुळला नाही तर लगेच ॲडजस्टमेंट एंट्री मारू नका. आधी कारण लिहा (जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद उशिरा, बीओएम चूक, रिजेक्शन चढवलं नाही, एकक चुकलं), कारण एंट्री मारली की पुरावा गेला. दुसरा आकडा, माल प्रत्यक्ष आल्यापासून जीआरएन होईपर्यंतचे तास. तिसरा, सोमवारच्या बैठकीत किती तक्ते अजून एक्सेलमधून येतात.

हे आकडे बैठकीत तुम्ही वाचू नका. स्टॉकचा आकडा प्लँट हेडने वाचावा, जीआरएनचा स्टोअर इन्चार्जने. सुरुवातीला 25 पैकी 12-13 जुळले तरी घाबरू नका, तो आकडा झाकू तर मुळीच नका. तो 23-24 वर सलग दोन महिने टिकला, की मग डॅशबोर्ड करायला घ्या.