चेहऱ्याच्या सुया आणि निसर्गोपचार: दोन्ही घ्या, पण एकाच दिवशी नको

प्रश्न असा आहे: वय 38, गालांवर वांग, पाळीच्या आधी हनुवटीवर पुळ्या, पोट साफ होत नाही. निसर्गोपचार आणि चेहऱ्याचं अॅक्युपंक्चर एकत्र चालेल का?

चालेल. पण एकाच फेरीत दोन्ही उरकू नका, बिघडतं ते बहुधा तिथेच. उपासाच्या किंवा एनिमाच्या दिवशी सुया घेतल्या की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. सुयांच्या आधी तास-दोन तास हलकं खाल्लेलं हवं. वाफ घेऊन लगेच सुया टोचल्या तर रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि डोळ्यांखाली काळंनिळं होतं. सुया काढल्यावर त्याच दिवशी मातीचा लेप तर अजिबात नको. छिद्रं बारीक असली तरी उघडी असतात आणि मातीत जंतू असायचेच. मध्ये किमान 24 तास जाऊ द्या.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त पोटाकडे बघा. सकाळी रिकाम्या पोटी ओटीपोटावर मातीची पट्टी, 20 ते 30 मिनिटं. माती वरच्या थरातली नको. तीन-चार फूट खालची, खत-औषध न लागलेली, उन्हात वाळवून चाळलेली घ्या. रात्री भिजवा, सकाळी भिजवलेल्या कणकेइतकी घट्ट झाली की सुती कापडावर अर्धा इंच जाड थापा. पातळ राहिली तर पाणी ओघळतं आणि नुसतीच हुडहुडी भरते. जेवणात साखर, मैदा कमी. भाकरी, उसळ, पालेभाजी जास्त. जिमसाठी व्हे प्रोटीन घेत असाल तर महिनाभर थांबवून बघा, काहींना त्याने पुळ्या वाढतात. ‘डिटॉक्स’च्या नावाखाली रोज एनिमा मात्र घेऊ नका. विषारी द्रव्यं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. रोजच्या एनिमाने आतड्याला त्याचीच सवय लागते. चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. उन्हात गेलात की त्याने भाजल्यासारखे डाग पडतात.

मग सुया. चेहऱ्याला 0.16 ते 0.20 मिमी जाडीची, 13 ते 15 मिमी लांबीची सुई पुरते. पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं, सुया एकदाच वापरायच्या. आधी हातापायांवरचे बिंदू (अंगठा आणि तर्जनीमधला एलआय 4, गुडघ्याखालचा एसटी 36; ही अॅक्युपंक्चरमधली बिंदूंची नावं), नंतर चेहरा: दोन भुवयांमधला यिनतांग, नाकपुडीशेजारचा एलआय 20, ओठांच्या कोपऱ्याजवळचा एसटी 4, जबड्यावरचा एसटी 6. सुया 20-25 मिनिटं ठेवतात. काढल्यावर कापूस मिनिटभर दाबून धरायचा, चोळायचा नाही. फुललेल्या पुळीत सुई जाता कामा नये, पू पसरतो. काढलेल्या सुया मोजायला सांगा. केसांच्या रेषेतली एखादी राहून जाते. आठवड्याला एकदा, अशा आठ-दहा बैठकींनंतर ठरवा पुढे जायचं की नाही.

त्यातून मिळेल काय? जबड्याचा ताण उतरतो, झोप सुधारते, बारीक सुरकुत्या थोड्या मऊ दिसू शकतात. यावरचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे ‘दहा वर्षांनी तरुण’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. वांग सुयांनी जात नाही. उलट सावळ्या त्वचेवर टोचल्याजागी डाग राहू शकतो. वांगाला मुख्य उपाय सनस्क्रीनच, तेही आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाचं. मेडिकलमधून आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम चालू असेल तर त्यावर स्टिरॉइड लिहिलंय का बघा. असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा, कारण ते एकदम सोडलं तर चेहरा भडकतो. हनुवटीच्या पुळ्यांसोबत पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार) तपासणी, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या.

गरोदरपणात एलआय 4 आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा एसपी 6 हे बिंदू टाळतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, ती आपल्या मनाने बंद करू नका. बोटॉक्सनंतर निदान दोन आठवडे थांबा, फिलर (त्वचेखाली भरलेलं जेल) असेल त्या भागात सुई नको.

कोणाकडे जायचं? निसर्गोपचारासाठी साडेपाच वर्षांची बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगशास्त्र) पदवी असलेले डॉक्टर शोधा. पुण्यात ताडीवाला रोडवर राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, उरुळीकांचनला गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेला आश्रम आहे. अॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. ब्यूटी पार्लरमधल्या ‘कोर्स’वाल्यांकडे हा क्रमांक सहसा नसतो.