क्षयरोग आणि कोव्हिड एकत्र असताना मल्टी-ओमिक्स: सॉफ्टवेअरच्या आधी काय ठरवावं

दोन्ही आजार एकदम झालेल्या रुग्णांच्या रक्तातून आरएनए, प्रथिनं आणि मेटाबोलाइट्स (चयापचयातले छोटे रेणू) असा तिहेरी डेटा, म्हणजेच मल्टी-ओमिक्स, घेणार आहात आणि तो जोडायला मोफा (MOFA) हे सॉफ्टवेअर वापरावं की डायब्लो (DIABLO), असं तुम्ही विचारलंय. दोन्ही चांगली आहेत. गट आधी न सांगता डेटातले समान धागे शोधायचे असतील तर मोफा, ठरलेले गट वेगळे करणाऱ्या खुणा हव्या असतील तर डायब्लो. पण अभ्यासाचं खरं भवितव्य नमुने कसे घेता यावर ठरेल.

मोठी अडचण इंटरफेरॉनची, म्हणजे संसर्ग झाल्यावर शरीर सोडतं त्या संदेशवाहक प्रथिनांची आहे. सक्रिय क्षयरोगात रक्तात 393 ट्रान्सक्रिप्टची (जनुकांच्या आरएनए प्रतींची) एक खूण दिसते, हे 2010 साली 'नेचर'मध्ये आलं. तिच्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधली, इंटरफेरॉनने चेतणारी जनुकं पुढे होती. विषाणूसंसर्गातही यातली बरीच जनुकं चेततात. मेटाबोलाइट्समध्येही तेच. इंटरफेरॉन-गॅमामुळे ट्रिप्टोफॅनचं कायन्युरेनिनकडे रूपांतर घडवणारं आयडीओ1 हे एन्झाइम वाढतं, आणि कायन्युरेनिन-ट्रिप्टोफॅन गुणोत्तर दोन्ही आजारांत चढतं. म्हणजे तिन्ही थर एकच गोष्ट सांगत असतील तर ते तीन स्वतंत्र पुरावे नव्हेत, एकाच इंटरफेरॉनचे पडसाद आहेत.

म्हणून सहसंसर्गाची तुलना नुसत्या निरोगी लोकांशी करू नका. फक्त क्षयरोग, फक्त कोव्हिड, दोन्ही आणि दोन्ही नाही, असे चार गट घ्या आणि मॉडेलमध्ये इंटरॅक्शन टर्म (दोन आजार एकत्र आल्याचा वेगळा परिणाम मोजणारं पद) ठेवा. दोन आजारांच्या परिणामांची बेरीज करूनही जे उरतं, तेच तुम्हाला हवं आहे. सुप्त क्षयसंसर्गासाठी सगळ्यांची इग्रा चाचणी (क्षयाच्या जंतूला रक्तातल्या पेशी प्रतिसाद देतात का, हे पाहणारी) करा. तीव्र कोव्हिडमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे हा प्रतिसाद देणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटल्यामुळे तिचा निकाल अनिर्णित येऊ शकतो. तसे रुग्ण गाळू नका, तशी नोंद ठेवा.

दुसरं म्हणजे वेळ. कोव्हिडचं चित्र दिवसागणिक बदलतं, क्षयरोगाचं आठवड्या-महिन्यांनी. 'भरती झाल्याचा दिवस' हा सगळ्यांना समान टप्पा नाही. लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले आणि क्षयाच्या उपचारांचा कितवा दिवस आहे, दोन्ही लिहा.

औषधांकडे तर फार बारकाईने बघा. कोव्हिडमध्ये दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने रक्तातली जनुक-अभिव्यक्ती (कुठली जनुकं किती चालू आहेत ते) बदलते, पेशींचं प्रमाणही बदलतं. त्यात रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध सीवायपी3ए4 हे औषधं मोडणारं एन्झाइम वाढवून डेक्सामेथासोन लवकर संपवतं. त्यामुळे डोस तोच असला तरी सहसंसर्ग गटात स्टेरॉइडचा परिणाम कमी राहू शकतो, आणि तो फरक तुम्हाला आजाराचा वाटेल. नंतर कुठल्याही गणिताने हे पुरतं सुटत नाही. नमुना स्टेरॉइडच्या आधी घ्या. ते जमलं नाही तर डोस आणि वेळ नोंदवा. त्याच दिवसाचा डिफरन्शियल काउंट (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची मोजणी) हवाच.

सगळे सहसंसर्गाचे नमुने प्रयोगशाळेत एकाच प्लेटवर (एकदम तपासायच्या नमुन्यांच्या ताटलीवर) लावू नका, नाहीतर प्लेटमधला फरक आजाराचा वाटेल; गट मिसळून लावा. रुग्ण थोडे आणि मोजमापं हजारो असल्यामुळे फीचर निवड (कुठली मोजमापं ठेवायची ते ठरवणं) क्रॉस-व्हॅलिडेशनच्या, म्हणजे काही रुग्ण बाजूला ठेवून मॉडेल तपासण्याच्या, आतच करा. आधी निवडून मग तपासलं की गट फार छान वेगळे दिसतात, पण नव्या रुग्णांवर ते टिकत नाही.

निधी अपुरा पडला तर मी मेटाबोलोमिक्स सोडेन आणि त्याच रुग्णांचा आणखी एक नमुना काही दिवसांनी घेईन.